तीन कागद आणि एक मोबाइल

"हे अक्षर कुणाचं?" हेरवाडे बाईंनी विचारलं.

त्या आमच्या मुख्याध्यापिका. त्यांच्याच खोलीत मी प्रोजेक्टर लावून बसलो होतो. भिंतीवर एका मुलाच्या गुणांचा आलेख होता, जूनमध्ये चाळीसला सुरू झालेला आणि सप्टेंबरात पंचाण्णवला टेकलेला. त्याच्या शेजारी त्याच मुलाच्या वहीचं पान, भिंतभर मोठं करून लावलेलं.

"सुमितचं, बाई. सुमित गाट, आठवी अ."

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला आणि परत लावला. "मगदूम सर, या मुलाला मी दोन वर्षं मराठी शिकवलंय. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून वहीवरनं फिरल्यासारखं. हे पान त्याचं असेल तर मी उद्या राजीनामा देते."

मी ते पान पहिल्यांदा नीट बघितलं. अक्षर गोल, बारीक, एका रेषेत. प्रत्येक उत्तराभोवती पट्टी न लावता काढलेली, तरी सरळ चौकट. तीन महिने मी या मुलाचे कागद तपासत होतो, पण मोबाइलच्या पडद्यावर, मुलांनी पाठवलेल्या वहीच्या फोटोंतून, उत्तर बरोबर की चूक एवढंच बघत. अक्षर बघायला वेळ कुणाला होता?

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो, हुपरीच्या आमच्या शाळेत आठवीच्या तिन्ही तुकड्यांना गणित शिकवत होतो आणि आपण काहीतरी नवीन करतोय या समजुतीत फार खुशीत होतो. लॉकडाउन संपून शाळा भरायला लागली होती, पण गृहपाठ आणि चाचण्या पोर्टलवरच राहिल्या होत्या. तिथं मी माझा प्रयोग मांडला. सगळ्यांना एकच गृहपाठ द्यायचा नाही. दर आठवड्याला तीन कागद काढायचे. पहिला सोपा, दुसरा मधला, तिसरा कस लावणारा. प्रत्येक कागदाबरोबर मी स्वतः समजावून सांगितलेला एक व्हिडिओ. आमच्याकडं तुकड्या मागच्या वर्षी घरून दिलेल्या परीक्षेच्या गुणांवर पाडलेल्या, त्यामुळं वाटप सोपं होतं. तिसरा कागद अ तुकडीला, दुसरा ब तुकडीला, पहिला क तुकडीला. तुकडीच्या नावावर टिचकी मारली की कागद फक्त त्या तुकडीतल्या मुलांना दिसायचा, बाकीच्यांना तो आहे हेही कळायचं नाही. रविवारी सकाळी चहा निवायच्या आत एकशे बत्तीस मुलांचं वाटप उरकायचं. बायकोला मी ते दोनदा करून दाखवलं होतं. ती म्हणाली होती, "छान आहे, आता भाजी आणा."

आणि सुमित हा या प्रयोगाचा मानाचा गणपती होता. वर्गात तो तोंड उघडत नसे. फळ्यावर बोलावलं तर बुटांकडं बघत उभा राहायचा. मी त्याला अबोल बुद्धिमत्ता असं नाव देऊन टाकलं होतं. जिल्ह्याच्या गणित स्पर्धेला शाळेतून तीन मुलं जायची होती आणि फॉर्मवर तिसरं नाव मी त्याचंच लिहून ठेवलं होतं, शाईनं.

"शनिवारी साडेदहाला संस्थेचे सचिव तुमचं हे पोर्टल बघायला येणार," बाई म्हणाल्या. "त्याच दिवशी बारापर्यंत फॉर्म केंद्रावर पोचायला हवा. आज बुधवार. हे अक्षर कुणाचं ते मला शनिवारच्या आत कळलं पाहिजे. दुसऱ्याकडनं लिहून घेतलं असेल तर सोमवारी प्रार्थनेनंतर दोघांची नावं वाचली जातील. देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं. नियम सगळ्यांना सारखा."

आमच्या शाळेत नाव वाचलं जाणं म्हणजे काय, हे हुपरीत राहिल्याशिवाय कळायचं नाही. दुपारपर्यंत ते बाजारात पोचायचं आणि संध्याकाळी घरी.

मी सुमितला स्टाफरूममध्ये बोलावलं. तो आला आणि बुटांकडं बघत उभा राहिला.

"सुमित, हे तू लिहिलंस?"

"न्हाई सर."

इतक्या लवकर कबुली येईल असं मला वाटलं नव्हतं. ठरवून ठेवलेले पुढचे चार प्रश्न फुकट गेले.

"मग कुणी?"

"आत्तीला विचारा."

"आत्तीनं लिहिलं?"

"न्हाई. आत्ती वाटती."

"काय वाटते?"

"काम," तो म्हणाला, आणि पुढं काही म्हणता म्हणेना. अबोल बुद्धिमत्तेतली बुद्धिमत्ता त्या दिवशी गळून पडली, अबोल तेवढं उरलं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी त्याच्या घरी गेलो. हुपरी चांदीचं गाव. पैंजण इथं एका माणसाच्या हातून होत नाही, घराघरांतून फिरत तयार होतं. एका घरी कड्या जुळवतात, दुसऱ्या घरी डाग देऊन जोडतात, तिसऱ्या घरी घुंगरं लावतात. सुमितच्या घरी पुढच्या सोप्यात त्याची आत्ती, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, पाटावर बसली होती. पन्नाशीची, ठेंगणी, कपाळाला मोठं कुंकू. समोर डब्यांची रांग आणि दारात दोन बायका उभ्या.

"बसा सर. एवढी दोन घरं मार्गी लावते नि बोलूया," ती म्हणाली. तिनं एका डब्यातून माल काढून एका बाईला दिला, दुसऱ्यातून दुसरीला. पहिली कुरकुरली, "मला बी तसलंच दे की. ते चांगलं दिसतंय."

"तुझ्या हाताला ते जड जाईल. हे कर आधी, दिवाळीनंतर बघू."

बाई गेली. आत्तीनं हात पुसले आणि आतल्या बाजूला हाक मारली. "चला रे, साळंचं काम."

तीन मुलं येऊन ओळीनं बसली. सुमित. गौरव, तो माझ्या ब तुकडीतला. आणि क तुकडीतली एक मुलगी, दोन वेण्या घातलेली, शेवटच्या बाकावर बसते एवढं मला आठवत होतं. तिघंही गाट. पण माझ्या तीन वर्गांत मिळून अकरा गाट होते, ही एकाच घरातली चुलत भावंडं आहेत हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

आत्तीनं खुंटीवरचा मोबाइल काढला. घरात तो एकच. तिनं सुमितच्या नावानं पोर्टल उघडायला लावलं आणि माझा तिसरा कागद मुलीला दाखवला. मग पोर्टलमधून बाहेर येऊन मुलीच्या नावानं उघडायला लावलं आणि पहिला कागद सुमितला दाखवला. तिघांनीही आपापलं काम वहीत उतरवून घेतलं.

"आत्ती, हे काय चाललंय?"

"वाटप," ती म्हणाली. "तुम्ही तीन तऱ्हेचं काम पाठवतासा नव्हं? लई चांगलं करतासा. पर घरात कुणाला काय झेपतंय ते तुमाला तिकडनं कसं दिसणार? म्हणून मी हितं जरा हिकडचं तिकडं करते."

"तुम्हाला गणित येतं?"

"मी चौथी. मला कुठलं गणित? पर तोंडं कळत्यात की. कागद द्यायचा नि बघत बसायचं. पेन सारखं थांबाय लागलं तर काम जड. पेन पळतंय नि डोळं टीव्हीकडं, तर काम हलकं. सुमितला तुमचा कागद दिला तवा गडी तासभर पेन चावत बसला. हिला तिचा दिला, तर पाच मिन्टांत करून मांजराशी खेळाय लागली. मग केली अदलाबदल."

"आणि गौरव?"

"त्येला त्येचा दिला नि वर हिच्या कागदातली दोन गणितं घातली की घरात शांतता असती."

"पण मग ती उत्तरं सुमितच्या नावावर कशी आली?"

आत्तीला माझा प्रश्नच विचित्र वाटला. "माल ज्या डब्यातनं आला त्याच डब्यात परत जायाला नको? काम कुणीबी करूंदे. हिकडचा माल तिकडं गेला असता तर तुमचा गोंधळ झाला असता." तिनं माझ्या सोयीसाठी एवढी काळजी घेतली होती.

मी चिडलो होतो. खरं सांगायचं तर माझा आलेख डोळ्यांसमोर कोसळत होता आणि राग त्याचा होता. "आत्ती, याला कॉपी म्हणतात. सोमवारी दोघांची नावं प्रार्थनेला वाचणार आहेत."

मुलीचं पेन थांबलं. सुमितनं मान आणखी खाली घातली.

"कॉपी म्हंजे दुसऱ्याचं बघून लिहायचं," आत्ती शांतपणे म्हणाली. "हितं कुणी कुणाचं बघितलं? ज्येनं त्येनं आपलं डोकं चालवलंय. आमच्यात सर, घर बघून माल देत न्हाईत. हात बघून देत्यात."

मी मुलीकडं वळलो. तिचं नाव विचारावं लागू नये म्हणून वहीवरचं वाचलं. "रेवती, एक ते शंभरमध्ये अशा किती संख्या आहेत, ज्यांना तीननं किंवा पाचनं भाग जातो?"

"त्रेपन्न," सुमित पटकन म्हणाला. तेहतीस आणि वीस, बेरीज करून मोकळा. माझ्या अ तुकडीतल्या बहुतेकांनी हेच उत्तर दिलं होतं.

रेवतीनं बोटानं जमिनीवर काहीतरी मांडलं. मग म्हणाली, "सत्तेचाळीस."

"कशा?"

"पंधराच्या पाढ्यातल्या दोन्हीकडं मोजल्या जातात, सर. पंधरा, तीस, पंचेचाळीस, असल्या सहा. त्या एकदा काढायच्या."

मी तिला आणखी एक घातलं, मग आणखी एक, जरा खोडसाळ. ती थांबत थांबत पण सगळ्यांना भिडली. तोवर आत्तीनं माझ्यापुढं चहा ठेवला होता आणि तो निवून गेला होता.

"वर्गात कधी बोलली नाहीस तू हे."

"आमच्या वर्गाला हे नसतंय, सर," ती म्हणाली. तक्रार नव्हती. क तुकडीचा वर्ग वरच्या मजल्यावर नसतो, तसंच हेही.

"कागदाखालचे माझे शेरे वाचायचीस?"

"हो. शाब्बास सुमित, असं असायचं."

सुमित खुदकन हसला. "नि मला, छान प्रयत्न रेवती, अजून सराव हवा."

मीही हसलो, पण मला चांगलंच लागलं होतं. तीन महिने मी शाब्बासकी द्यायला चुकलो नव्हतो, फक्त ती जिची होती तिला एकदाही दिली नव्हती.

शुक्रवारी मी हेरवाडे बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"तिसरं नाव रेवतीचं घालू या, बाई."

"मगदूम, जरा दमानं. या स्पर्धेला आजवर अ सोडून दुसऱ्या तुकडीतलं मूल गेलेलं नाही. क मधली मुलगी पाठवली तर अ तुकडीचे पालक माझ्या दारात बसतील. आणि त्यांना सांगू काय? की तिनं तीन महिने भावाच्या नावावर गृहपाठ केला म्हणून तिला बक्षीस दिलं?"

"तिला तो कागद तिच्या नावावर मी दिलाच नव्हता."

"ते खरं. पण नियम तुम्हीच केलात ना, कुणाला काय दिसणार याचा?"

आपलेच दात, आपलेच ओठ, तशी माझी गत झाली होती. बाई म्हणाल्या, "उद्या सचिवांसमोर दोघांना फळ्यावर उभं करा. तुमचा आलेख दाखवायचा तर खरा कुणाचा ते सांगून दाखवा. तिला जमलं तर नाव तिचं. नाही जमलं तर सोमवारी प्रार्थनेला दोघांची नावं वाचणार आणि मला कुणी अडवायचं नाही."

शनिवारी सचिव आले. नेजकर अण्णा, निवृत्त तलाठी, पांढरी टोपी, हातात दोऱ्यानं बांधलेली फाइल. बरोबर दोन सदस्य. मी आलेख लावला. चाळीस ते पंचाण्णव. अण्णा खूश झाले. "वा. कोण हा मुलगा?"

"नाव सुमितचं आहे," मी म्हणालो. "पण हा आलेख त्याचा नाही." आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं, आत्ती, डबे, मोबाइल, अदलाबदल, सगळं. एक सदस्य मध्येच हसायला लागला. त्याच्या घरीही कड्या जुळवायचं काम होतं. अण्णा मात्र हसले नाहीत.

"बोलवा दोघांना."

दोघं आले. अण्णांनी आधी सुमितला खडू दिला. "दोन तृतीयांश अधिक तीन चतुर्थांश. कर."

जूनमध्ये याच मुलानं वरच्याची वरच्यात आणि खालच्याची खालच्यात बेरीज करून पाच सप्तमांश लिहिले होते. सुमितनं खडू फिरवला. छेद बारा केला, वर आठ आणि नऊ मांडले, सतरा लिहिले आणि त्याला शंका येऊन त्यानं ते पुन्हा तपासलं. मग वळून, माझ्या बघण्यात पहिल्यांदा, बुटांऐवजी माझ्याकडं बघितलं. तीन महिने त्यानं माझे पहिले कागद इमानानं सोडवले होते. अ तुकडीत बसून त्याला जे कुणी दिलं नसतं, ते त्याला आत्तीनं दिलं होतं.

"बरोबर," अण्णा म्हणाले. "स्पर्धेला जाणार का?"

"नको, अण्णा," सुमित इतक्या मनापासून म्हणाला की हेरवाडे बाईसुद्धा हसल्या. "मला झोप लागत नव्हती त्या फॉर्मपायी."

मग रेवती. अण्णांनी फाइलमधून गेल्या वर्षीच्या स्पर्धेचा पेपर काढला. गावातला हिशेबी माणूस, तयारीनं आला होता. त्यांनी पहिला प्रश्न वाचला. ती वळली आणि फळ्यावर मांडू लागली. मध्ये एका ठिकाणी अडली. खडू थांबला. मी मनातल्या मनात तिला पुढची पायरी सांगत होतो, ओठ हलत असणार, कारण बाईंनी मला डोळ्यांनी दटावलं. रेवतीनं मांडलेलं अर्धं पुसलं, दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली आणि उत्तराभोवती सरळ चौकट काढली. दुसरा प्रश्न. तिसरा. चौथा तिला आला नाही, आणि तसं तिनं सांगितलं. "हे आमच्याकडं अजून आलं नाही."

अण्णांनी पेपर घडी करून ठेवला. "पोरी, क तुकडीत हे कोण शिकवतं तुला?"

"मगदूम सर," ती म्हणाली. मग खरं ते पूर्ण सांगावं असं तिला वाटलं असणार, कारण जरा थांबून ती म्हणाली, "पण सुमितच्या नावावर."

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि पोट धरून हसले. दोघे सदस्य हसले, बाई हसल्या. मीही हसलो आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. ते लपवायला मी टेबलावरचा फॉर्म पुढं ओढला.

साडेअकरा होऊन गेले होते. सुमितचं नाव मी खोडलं. खाडाखोडीवर बाईंनी न बोलता सही केली. मी लिहायला लागलो. रेवती. आणि पेन थांबलं.

"वडिलांचं नाव काय गं तुझ्या?"

जूनपासून ती माझ्या वर्गात बसत होती. मला लाज वाटली आणि ती तिलाही दिसली असावी, कारण तिनं फार हळू आवाजात सांगितलं, "तानाजी."

रेवती तानाजी गाट. इयत्ता आठवी. पुढं तुकडीचा रकाना होता. वरच्या दोन नावांपुढं अ, अ. मी बाईंकडं बघितलं. सोमवारी दारात येऊन बसणारे पालक त्यांना दिसत असणार.

"बघताय काय?" हेरवाडे बाई म्हणाल्या. "क लिहा. मोठा लिहा."

मी लिहिला. तो रकान्यात मावला नाही.